बोट लागणे

माझी आजी एस.टी.त बसली की खिडकीची जागा धरायची, पदराचा बोळा नाकाशी लावायची आणि कोल्हापूर यायच्या आतच कण्हायची, "मला बोट लागली गो." आम्ही पोरे खिदळायचो. "आज्जी, बोट न्हवं, एस.टी. लागली म्हन." ती रागावत नसे. चालत्या वाहनात पोट ढवळले की तिच्याकडे त्याला एकच नाव होते आणि ते ती माहेराहून घेऊन आली होती. विजयदुर्गाच्या खाडीत, वाघोटण नदीच्या काठी तिचे माहेर. सासर पेठ वडगाव.

पेठ वडगाव हे पक्के घाटावरचे गाव. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा, मध्ये काळी जमीन. गावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे, म्हणजे इतिहासही घोड्यांच्या टापांचा. समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्री उभा. अशा गावात 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग बोलणारी आमच्या गल्लीत एकटी आजीच होती.

पुढे मी गावातल्याच शाळेत भूगोल शिकवू लागलो तेव्हा या शब्दांतली गंमत लक्षात आली. बोट बंदराला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिल्या लागण्यात सुटका आहे, दुसऱ्यात छळ. क्रियापद मात्र एकच. ज्यांनी रात्र रात्र बोटीवर काढली, त्यांच्या अनुभवात या दोन गोष्टी एकापाठोपाठ येत असल्या पाहिजेत. या लेखात मला रात्रीच्या बोटीचा हा हिशेब मांडायचा आहे. तो आधी आजीच्या कोकणातला आणि मग लक्षद्वीपमधला आहे. आपल्याकडची बोट बंद पडली, तिकडची अजून चालते. असे का, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.

घाटावरचे पावसाळी बंदर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे शंभरेक वर्षे मुंबई आणि कोकण यांच्यामधला मुख्य रस्ता पाण्यावरून जात होता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे नकाशावर ठिपके आहेत. कोकणी माणसाला ती स्टेशने होती. शेफर्ड कंपनी, तिच्यातून उभी राहिलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आणि स्वदेशीच्या काळात सहकारी तत्त्वावर निघालेली, लोक जिला कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत ती कंपनी, यांच्या बोटी या मार्गावर धावल्या. 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची नावे बोटींना होती. डेकवर पथारी पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची, आवळसुपारी चघळायची आणि उजाडायची वाट बघायची. गिरणीत राबणारा चाकरमानी असा गावी जायचा.

बोट बंदराला लागायची म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. कोकणातली बहुतेक बंदरे खाड्यांच्या मुखाशी आहेत. नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी ढकललेली वाळू यांचा बांध तिथे पाण्याखाली साचलेला असतो. खोल बुडाची आगबोट तो ओलांडू शकत नाही. म्हणून ती बाहेर थांबायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसे, ट्रंका, पोरे, कोंबड्या हेलकावणाऱ्या पडावात उतरायच्या. बरीचशी बंदरे रात्रीच यायची. वर बोटीचा कठडा, खाली कंदिलाच्या उजेडात वरखाली होणारा पडाव आणि मध्ये काळे पाणी. पडाव लाटेबरोबर वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा. आजी सांगायची, "खलाशी 'आता' म्हणालो की विचार करूचो नाय."

ही सगळी सोय मात्र आठ महिन्यांची होती. नैर्ऋत्य मोसमी वारा या किनाऱ्यावर समोरून आदळतो आणि उघड्या बंदरांना आडोसा नव्हता. त्यामुळे मेअखेरीपासून बोटी बंद. त्या चार महिन्यांत मुंबईहून दक्षिण कोकणात जायचे तर उलटा वळसा घ्यावा लागे: रेल्वेने पुणे, मिरज, कोल्हापूर आणि तिथून आंबा किंवा फोंडा घाट उतरून खाली. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. त्याआधी आमच्याकडचा माल घाट उतरून बंदरावर जात असे. रेल्वे आल्यावर पावसाळ्यात कोकणातली माणसे आमच्या बाजूने ये-जा करू लागली. एका अर्थाने घाटावरचा हा मुलूख म्हणजे कोकणाचे पावसाळी बंदर होते. आमच्या घराने त्याची किंमत एकदा मोजली आहे.

आजीचे वडील आषाढात वारले. साल १९३८ किंवा १९३९ असावे. आजीचा थोरला भाऊ, म्हणजे आमच्या वडिलांचे मामा, परळला गिरणीत. कोणीतरी चिखल तुडवत जाऊन तार केली. मामा मिळेल त्या गाडीने निघाले, हातकणंगल्याला उतरले, भिजत वडगावला आले आणि बहिणीला घेऊन पुढे निघाले. फोंडा घाटात दरड कोसळलेली. सर्व्हिस मोटार घाटमाथ्यावर थांबली, ती सुटेना. खाली नदीला पूर, तर बंद. घरी पोचले तो तेराव्याचा स्वयंपाक चालू होता. दिवस पुतण्याने केले होते. आजी हे सांगताना रडत नसे. एवढेच म्हणायची, "कार्तिक असतो तर एका रात्रीत इलो असतो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो; त्यातला भूगोल कळायला मला पन्नास वर्षे लागली. मुंबई ते विजयदुर्ग हे अंतर कार्तिकात एक रात्र होते आणि आषाढात अकरा दिवस. नकाशा तोच. अंतर नकाशात नसते, पुढची बोट कधी आहे त्यात असते.

बोटीने माणसे घालवलीही. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती रात्रीची बोट नव्हती, दीड-दोन तासांची फेरी होती. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे सकाळी बुडालेल्या बोटीची वार्ता मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. कोकणात आजही जुनी माणसे 'रामदास'चे नाव घेताना आवाज खाली आणतात.

तरीही बोट चालूच राहिली, कारण दुसरे काही नव्हते. दुसरे काही आले तेव्हा ती गेली. एस.टी. गावोगाव पोचली, मुंबई-गोवा रस्ता झाला, १९९० च्या आसपास मुंबई-पणजी बोट इतिहासजमा झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे चकचकीत जहाज मुंबईहून गोव्याला रात्रीचे निघू लागले, पण ते हौसेचे जहाज होते. ज्याच्यावाचून अडते ते जहाज आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते जहाज, यांत केवळ तिकिटाचा फरक नसतो.

चारित्र्याचा दाखला

दूरचे बेट आणि तिकडे जाणारी बोट म्हटले की मराठी मनात आधी अंदमान येते. १९११ च्या जुलैत 'महाराजा' या आगबोटीने सावरकरांना पोर्ट ब्लेअरला उतरवले. त्याआधी आणि त्यानंतरही कैद्यांची जहाजे जातच होती. आपल्या भाषेत त्या पाण्याचे नावच 'काळे पाणी' पडले. जिथून परत यायचे नाही अशी ती बोट. जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, दवाखान्याला, परीक्षेला, लग्नाला मुख्य भूमीवर ये-जा करतात, अशा बेटाची बोट कशी असेल, हा प्रश्न आपल्या साहित्यात फारसा आलेला नाही.

बत्तीस वर्षे मी फळ्यावर कंकणद्वीप काढत आलो: बाहेर निळे वर्तुळ, आत हिरवे, त्यावर 'खारकच्छ' असा बाण. प्रत्यक्ष एकही पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर, २०१९ च्या जानेवारीत, ते पाहायला निघालो. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. बेटांवरच्या प्रवेशाचे आणि राहण्याचे नियम १९६७ पासून आहेत. ३६ बेटे, त्यांतली १० वस्तीची, सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४,४७३. इतक्या लहान जागेत कोणी किती यावे, याला मर्यादा हवीच. परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो म्हणून वडगावच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथला हवालदार माझा जुना विद्यार्थी. "सर, तुमच्या चारित्र्याचा दाखला मी द्यायचा व्हय?" म्हणून हसला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "पर तिकडं काय हाय वो?" मी म्हटले, "ते बघायलाच निघालोय."

मिरजेहून रेल्वेने एर्नाकुलम. बेळगाव, लोंढा ओलांडून गाडी घाट उतरली तेव्हा आजीची आठवण झाली. कोचीत विलिंग्डन बेटावरून जहाज सुटते. हे बेट माणसाने केलेले: १९२० च्या दशकापासून बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून ते वाढवले गेले. बेटाकडे जाणारी वाट अशी गाळाच्या बेटावरून सुरू होते.

रात्रच का?

'एम. व्ही. कवरत्ती' हे सातशे प्रवाशांचे जहाज. आमच्यासारखे पर्यटक थोडे. बाकी सारे बेटांवरचे. धक्क्यावर तांदळाची पोती, फ्रीजचे खोके, भाजीच्या करंड्या, औषधांच्या पिशव्या, हातात सलाईनची सुई टोचून ठेवलेली एक तरुण बाई आणि तिला धरून चालणारी सासू. कोल्हापूरच्या स्टँडवर गगनबावड्याची गाडी लागल्यावर जे दृश्य दिसते, तेच हे होते. जहाजाबद्दलचे माझे अर्धे आकर्षण तिथेच गळून पडले, आणि ते बरे झाले.

दुपारी सुटलेले जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. रात्रीचाच प्रवास का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. कोचीपासून कवरत्ती आणि मिनिकॉय दोन्ही सुमारे ४०० किलोमीटर. जहाजाचा वेग पंधरा नॉट धरला, तर तासाला सुमारे २८ किलोमीटर पडतात. म्हणजे चौदा-पंधरा तास. सकाळी निघाले तर मध्यरात्री पोचणार. आणि मध्यरात्री बेटावर उतरता येत नाही. तिथे खाडी नाही. प्रवाळाच्या भिंतीतल्या अरुंद वाटेने लहान होड्यांना आत शिरावे लागते आणि ती वाट पाण्याच्या रंगावरून ओळखायची असते: गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवे म्हणजे उथळ, तपकिरी म्हणजे खडक. रंग ओळखायला ऊन लागते. म्हणून रात्र समुद्रावर काढायची आणि दिवस उगवला की बेटाशी यायचे.

पहिल्या रात्री मला बोट लागली. भूगोलाच्या मास्तराला कारण ठाऊक होते: कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला 'आपण हलतो आहोत' असे सांगतो, डोळ्यांना मात्र केबिनची भिंत स्थिर दिसते. या दोन साक्षींचा मेळ बसेना की पोट ढवळते. ठाऊक असून उपयोग झाला नाही. शेवटी डेकवर जाऊन बसलो. क्षितिज दिसले की डोळे आणि कान एका मताला येतात, म्हणून उघड्यावर थोडे बरे वाटते. आजी एस.टी.त खिडकीच का धरायची, तेही तेव्हा कळले.

डेकवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी न बोलता पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात ठेवले. ते मिनिकॉयचे. त्या बेटावरच्या पुरुषांचा परंपरेचा उद्योगच मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून जाण्याचा. घरदार, शेजार, गावची कामे बायका सांभाळतात. यांनीही चाळीस वर्षे जहाजांवर काढली होती. दोन नोकऱ्यांच्या मधले महिने मुंबईला, डोंगरीत खोली करून राहत. त्यामुळे त्यांची हिंदी मुंबईची होती आणि भाऊचा धक्का त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिला होता. ते मला 'मास्टर' म्हणू लागले, मी त्यांना 'चाचा'.

मी त्यांना आजीच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्टर, तुमचे मामा तेराव्याला तरी पोचले." त्यांची आई गेली तेव्हा ते बेटापासून अवघ्या एका रात्रीवर, कोचीत होते. जहाजावरची नोकरी संपवून परतत होते. बेटाकडे जाणारी बोट चार दिवसांनी होती. आमच्यात दफन त्याच दिवशी करतात, ते म्हणाले. फोनवर बहिणीने विचारले, थांबायचे का? त्यांनीच सांगितले, थांबू नका. "चाळीस वर्षांत मी साऱ्या दुनियेचे समुद्र पाहिले. शेवटचे चारशे किलोमीटर मात्र मला कधीच माझ्या मर्जीने जाता आले नाहीत."

मग त्यांनी मला एक गोष्ट समजावली. आमच्या बेटावर, ते म्हणाले, कोणी 'कोची किती लांब' असे विचारत नाही. 'जहाज कधी आहे' असे विचारतात. जहाज उद्या असेल तर कोची जवळ. जहाज पुढच्या आठवड्यात असेल तर कोची लांब. आजीचा कार्तिक-आषाढ मला मलबारच्या समुद्रात, एका मुसलमान खलाशाच्या तोंडून पुन्हा ऐकू आला.

कंकणाच्या आत

पहाटे अंधारात एक उजेड ठरावीक वेळाने लुकलुकू लागला. मिनिकॉयचे दीपगृह. १८८५ सालचे. हे बेट बाकीच्या लक्षद्वीपपासून दूर, नाइन डिग्री चॅनेलच्या दक्षिणेला आहे. युरोप आणि अतिपूर्वेच्या दरम्यानची मोठी जहाजे या पट्ट्यातून जातात; रात्री त्यांच्या दिव्यांच्या रांगा दिसतात. एवढी जहाजे बेटाजवळून जातात, थांबत एकही नाही. हायवेवरून रात्री भरधाव जाणाऱ्या गाड्या आमच्या वडगावच्या फाट्यावरून बघितल्या आहेत, तसे वाटले.

उजाडल्यावर पुढचा प्रकार पाहून मी थक्क झालो. जहाज बाहेर थांबले. त्याच्या कुशीतला दरवाजा उघडला, खाली होड्या येऊन लागल्या, खलाशांनी दोन्ही बाजूंनी दंड धरले आणि होडी लाटेबरोबर वर आली की 'आता' म्हणून एकेकाला उतरवू लागले. सलाईनची सुई लावलेली ती बाई, तिची सासू, तांदळाची पोती, फ्रीज. शंभर वर्षांपूर्वीचा विजयदुर्ग माझ्यासमोर चालू होता. कंदिलाऐवजी सकाळचे ऊन होते, एवढेच. काही बेटांवर आता मोठ्या जहाजांसाठी धक्के झाले आहेत, पण समुद्र खवळला की होडीवाचून गत्यंतर नसते. पावसाळ्यात हे उतरणे कसे असेल, या विचाराने अंगावर काटा आला. पर्यटक तेव्हा नसतात. बेटावरची माणसे तेव्हाही असतात.

होडी भिंतीतल्या वाटेने आत शिरली आणि एका क्षणात हेलकावे थांबले. पाणी आरशासारखे. फळ्यावर मी ज्याला बाण काढून 'खारकच्छ' म्हणत आलो, ते हे. डार्विनने १८४२ मध्ये या रचनेचे स्पष्टीकरण मांडले. समुद्रात ज्वालामुखीचा डोंगर उभा असतो, त्याच्या कडेने प्रवाळ वाढते. डोंगर हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर वाढत राहते. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि त्याच्या कमरेचे कंकण तेवढे वर उरते. डार्विनने लक्षद्वीप पाहिले नव्हते. त्याने कंकणद्वीप जवळून पाहिले ते कीलिंग बेटांवर, १८३६ मध्ये. पण कंकणाबाहेर तळ एकदम खोल का जातो, जहाजाला तिथे नांगर टाकणे अवघड का, याचे उत्तर त्या बुडालेल्या डोंगराच्या उतारातच आहे.

दुसऱ्या दिवशी कवरत्तीला या उताराचा आणखी एक उपयोग पाहिला. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर पातळ थर होऊन तरंगते. विहिरीचे गोडे पाणी ते हेच. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. २००५ मध्ये इथे समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचे कोमट पाणी हवेचा दाब कमी करून वाफवायचे आणि ती वाफ खोल समुद्रातल्या थंड पाण्याने गार करायची. इतके थंड पाणी किनाऱ्यापासून काही शे मीटरवर मिळते, कारण तळ तिथेच एकदम खाली जातो. जो उतार जहाजाला नांगर टाकू देत नाही, तोच घोटभर पाणी देतो.

कल्पेनीला पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा लांबलचक बांध आहे, वादळाने फेकलेला. १८४७ च्या वादळात हे बेट आणि आंद्रोत उद्ध्वस्त झाले. तेव्हा वाफेची बोट नव्हती. ओडम नावाची शिडाची जहाजे काथ्या आणि खोबरे घेऊन मलबारला जात आणि तांदूळ घेऊन येत, तीही फक्त उघाडीच्या महिन्यांत. वादळाची वार्ता पोचायची, तीही शिडाच्या वेगाने. 'रामदास'ला बिनतारी यंत्रणा असती तर, हा प्रश्न मला त्या बांधावर बसून पुन्हा आठवला.

बोट कोणाची?

आता मूळ प्रश्न. कोकणची बोट गेली तेव्हा हळहळ झाली. आजही दिवाळी अंकांतून बोटीच्या आठवणी येतात: डेकवरची गाणी, सुक्या बांगड्याचा वास, पहाटेचा किनारा. मीही त्या चवीने वाचतो. पण आजीला विचारले असते, तर तिने एस.टी.ला हात जोडले असते. बोट गेली याचा अर्थ आषाढ आणि कार्तिक सारखे झाले. मुंबईचा मुलगा भर पावसात दुसऱ्या दिवशी घरी पोचू लागला. आठवण म्हणून गोड वाटणारी गोष्ट जगताना बहुधा गोड नसते.

बेटाला असा पर्याय नाही. तिथे रस्ता जाणार नाही, रूळ जाणार नाहीत. १९८८ मध्ये अगत्तीला विमानतळ झाला, पण धावपट्टी आखूड, विमाने लहान आणि बाकीच्या नऊ बेटांना तिथे पोचायला पुन्हा पाणी ओलांडायचे. फार अडचणीच्या रुग्णाला हेलिकॉप्टर नेते. उरलेल्या सगळ्या आयुष्याला जहाज. म्हणून तिथे जहाज चालवणे हा धंदा होऊ शकत नाही. रिकाम्या गाडीनेही डोंगरातल्या शेवटच्या वाडीवर मुक्कामाला जाणारी एस.टी. जशी नफ्यातोट्याच्या वहीत बसत नाही, तसेच हे.

डिसेंबर २०२१ मध्ये बातमी वाचली: 'एम. व्ही. कवरत्ती'च्या इंजिनरूमला समुद्रात आग लागली. जहाजावर सहाशेहून अधिक प्रवासी होते. सगळे सुखरूप राहिले, जहाज ओढून आंद्रोतला नेण्यात आले. मी चाचांना फोन केला. ते घरीच होते. "सगळी माणसे वाचली, अल्लाचे उपकार," ते म्हणाले, आणि थोडे थांबून, "पण मास्टर, जहाज दुरुस्तीला गेले. आता कोची लांब गेले."

हे वाक्य मी वहीत आजीच्या वाक्याखाली लिहून ठेवले आहे. दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांनी शाळेतला भूगोल फारसा शिकलेला नव्हता. मी बत्तीस वर्षे प्रमाण, अक्षांश, रेखांश शिकवले. अंतर म्हणजे काय हे त्यांनी मला शिकवले.

परतताना कोचीला जहाज धक्क्याला लागले तेव्हा पाचवा दिवस होता. जमिनीवर पाय टाकला तरी जमीन हलत होती. शरीराला समुद्राची सवय झाली की काही काळ असे होते. मिरजेला उतरून वडगावला येईपर्यंत ते गेले. घरी सुनेने विचारले, "बाबा, त्रास न्हाई न्हवं झाला?"

"पहिल्या रात्री बोट लागली," मी म्हटले.

नातू सोफ्यावरून ओरडला, "म्हणजे पोचली?"

"दोन्ही," मी म्हटले.